नाताळचा आनंद मराठीत कसा आला



डिसेंबर महिना चालू आहे, म्हणून आजच्या व्याख्यानाला नाताळचा विषय घेतलाय. पण केक, सांताक्लॉज, रोषणाई यांच्याबद्दल मी फारसं बोलणार नाही. ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवायचा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात शोधायचं आहे.

ख्रिस्तजन्माची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात येते. त्या गोष्टीत दोन गोष्टी एकमेकींना चिकटून आहेत. एक आनंद, आणि दुसरं सांगणं. रात्री रानात कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना देवदूत आनंदाची बातमी देतो, आणि ती सगळ्या लोकांसाठी आहे असंही सांगतो. मेंढपाळ उठतात, गावात जातात, गव्हाणीत निजवलेलं बाळ बघतात, आणि मग जे ऐकलं-पाहिलं ते लोकांना सांगतात. आता बघा, हे मेंढपाळ काही शिकलेले उपदेशक नव्हते. त्यांच्यामागे राजा नव्हता, फौज नव्हती, पगार देणारी संस्था नव्हती. आनंद झाला म्हणून त्यांनी सांगितलं. 'सुवार्ता' किंवा 'शुभवर्तमान' हे शब्द आपण वापरतो, ते ज्या ग्रीक शब्दासाठी आले त्याचा अर्थही 'चांगली बातमी' एवढाच आहे.

पण इतिहासात ही बातमी दर वेळी मेंढपाळांच्या तोंडून आलेली नाही. आपल्याकडे ती कधी आरमारासोबत आली, कधी सरकारच्या सावलीत आली. त्यामुळे आजही 'श्रद्धा सांगणं' म्हटलं की आपल्या समाजात एक संशय उभा राहतो. तो संशय सगळाच खोटा आहे असं म्हणता येणार नाही, त्याला इतिहास आहे. आणि दुसरीकडे, मराठी ख्रिस्ती माणूस आज ज्या आनंदाने नाताळ करतो, तो आनंदही खोटा नाही. मग हा आनंद आला कुठून? तो सत्तेने दिला, की मिशनने दिला, की आणखी कुणी? हा आजचा प्रश्न आहे.

त्याआधी तारखेबद्दल दोन वाक्यं, कारण ही शंका नेहमी विचारली जाते. बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबरचा सगळ्यात जुना स्पष्ट उल्लेख सापडतो तो रोममधल्या एका पंचांगात, जे इसवी सन ३५४ मध्ये तयार झालं. त्यातली ती यादी ३३६ च्या सुमाराची आहे. म्हणजे पहिली तीनेकशे वर्षं या सणाचा पुरावा फारसा नाही. आणि आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, त्याच्या मुळाशी 'जन्म' हा अर्थ आहे. शब्द पोर्तुगीजांकडून आला, तेव्हा आपणही सुरुवात गोव्यापासूनच करू.

साष्टीतलं पुराण

गोवा बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतलं. गोव्यातली साष्टी त्यांच्याकडे १५४३ मध्ये आली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे काय झालं ते झाकून नाताळबद्दल बोलता येणार नाही. देवळं पाडली गेली. हिंदूंच्या सण-समारंभांवर बंदी आली. मराठी-कोकणी ग्रंथ नष्ट केले गेले. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय, गोव्यात सुरू झालं. अनेक गावं ख्रिस्ती झाली, आणि त्या धर्मांतरांमागे दबाव, भीती, जमिनीची काळजी, सवलती, आणि काहींच्या बाबतीत खरी श्रद्धा, असं सगळं मिसळलेलं होतं. चारशे वर्षांनंतर आपण ते चाळणीने वेगळं करू शकत नाही.

अशा गोव्यात ऑक्टोबर १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट आला. आता या माणसाची परिस्थिती लक्षात घ्या. तो कॅथलिक होता, आणि त्याच्या स्वतःच्या देशात, राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये, कॅथलिक उपासनेवर बंदी होती. ज्याच्या घरी त्याची स्वतःची पूजा चोरून करावी लागत होती, तो माणूस अशा मुलखात आला जिथे त्याच्याच धर्माचं राज्य दुसऱ्यांच्या पूजेवर बंदी घालत होतं. त्याला याबद्दल काय वाटलं ते आपल्यापुढे नाही. पण त्याने काय केलं ते आहे. तो इथली भाषा शिकला. जवळजवळ चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, इथेच राहिला. कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. आणि १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून झालं.

जवळपास अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, तिच्यात कोकणीची मिसळण. रचना आपल्या पुराणांची, म्हणजे श्रोता विचारतो आणि वक्ता सांगतो. स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'. पहिल्या पुराणात सृष्टीपासूनची जुनी कथा, आणि दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, जीवन, मरण आणि पुनरुत्थान. छापताना लिपी मात्र रोमन होती, कारण नागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती तर शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

पण मला ज्या जागेकडे लक्ष वेधायचंय ती या ग्रंथाच्या सुरुवातीला आहे. हे पुराण का लिहिलं, याचं कारण तिथे कथेच्या रूपात दिलंय. एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, त्याचा आशय असा: तुम्ही आमची आधीची पुराणं बंद केलीत, मग तशीच दुसरी का देत नाही? लोकांचं मन रमेल असं काही तरी हवं ना?

या एका प्रश्नात सगळं आलं. त्या माणसाची तक्रार धर्मसिद्धान्ताबद्दल नाहीये. लहान मुलांना शिकवायच्या प्रश्नोत्तरांची शिकवण त्याला मिळालेली होती. त्याला ऐकायला पुराण नव्हतं. संध्याकाळी बसून एकत्र ऐकायची, डोलायची, डोळे पुसायची गोष्ट नव्हती. सत्तेला बंदी घालता आली, पण बंदीतून रिकामी झालेली जागा तिला भरता आली नाही. ती ओवीने भरली. रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळात उपासनेनंतर हे पुराण वाचलं जाऊ लागलं, आणि लोक ते आवडीने ऐकू लागले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या.

आणि पुढे काय झालं? १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. म्हणजे ज्या वाटेने ही गोष्ट लोकांच्या मनात शिरली होती, तीच वाट राज्यकर्त्यांनी बुजवायला घेतली. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. पण पुराण वाचलं, कारण लोकांनी ते हाताने उतरवून ठेवलं. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती घरांमध्ये त्याची हस्तलिखितं राहिली, आणि त्यांच्या आधारे सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा रोमन लिपीत छापलं. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या एका संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित उजेडात आणलं, आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. अ‍ॅबट हे नाव लक्षात ठेवा. ते अमेरिकन मराठी मिशनचे, आणि त्या मिशनकडे आपण थोड्या वेळाने वळणार आहोत.

गोव्यातली आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. पोर्तुगालमध्ये 'कोंसुआद' म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं घरचं जेवण. गोव्यात आल्यावर या शब्दाचा अर्थ बदलला. इथे कोंसुआद म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट, शेजारीपाजारी पाठवायचं. त्यात दोदोल असतो, नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तिकडे घरातल्यांनी एकत्र बसून जेवायचं होतं, इकडे ते दाराबाहेर पडलं. आपल्याकडे सणाचं ताट शेजाऱ्याकडे गेल्याशिवाय सण पुरा होत नाही, या सवयीने परक्या शब्दाला आपला अर्थ दिला.

सत्ता गेल्यावर वसईत काय राहिलं

आता उत्तरेकडे वसईला येऊ. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. दोनशे वर्षं त्यांची तिथे सत्ता होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. या मोहिमेबद्दल आपण शाळेत शिकतो, पोवाड्यांतून ऐकतो. पण किल्ला पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरात काय झालं असेल, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

विचार करा. युरोपीय पाद्री निघून गेले. पोर्तुगीज सरदार, अधिकारी गेले. ख्रिस्ती असण्याचा कोणताही सरकारी फायदा उरला नाही. ज्यांनी केवळ दबावाने किंवा सवलतीसाठी धर्म घेतला असेल, त्यांना तो सोडायला याहून सोपी वेळ नव्हती. मराठ्यांनी शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली होती, ही गोष्ट नोंदवायला हवी, ती मराठ्यांच्या श्रेयाची आहे. पण मोकळीक असणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. टिकवलं ते मागे राहिलेल्या देशी पाद्र्यांनी आणि घरोघरच्या माणसांनी.

आणि टिकवलं कोणत्या भाषेत? पोर्तुगीज इथे रुजली नाही. आडनावं राहिली, डिमेलो, परेरा, लोपीस. काही शब्द राहिले. पण घरात सामवेदी बोली राहिली, वाडवळी राहिली. लग्नातली गाणी, शेतीची कामं, अंगावरचं लुगडं, हे राहिलं. नाताळ आला की गोठा करायचा. हा ख्रिस्तजन्माचा देखावा. त्याची प्रथा युरोपात संत फ्रान्सिस यांच्यापासून लोकप्रिय झाली. त्यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी खऱ्या गाई-गाढवासह हा प्रसंग उभा केला होता. वसईच्या शेतकऱ्याला यातलं काहीच परकं नव्हतं. गोठा त्याच्या अंगणात होता. गव्हाण त्याच्या रोजच्या कामातली होती. पेंढा विकत आणायचा नव्हता. इटलीतल्या संताला जे मुद्दाम उभं करावं लागलं, ते इथे दारात होतं.

वसईच्या देवळात मराठीतून मिस्सा ऐकायला मात्र फार थांबावं लागलं. कॅथलिक उपासना शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरमध्ये लोकभाषांना वाट करून दिली, आणि त्यानंतर नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा मराठीत होऊ लागली. म्हणजे घरातल्या भाषेला वेदीपर्यंत पोचायला चारशे वर्षं लागली. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' हे मासिक अनेक वर्षं चालवलं, 'सुबोध बायबल' लिहिलं, वसईचं पाणी आणि हिरवळ वाचवायच्या आंदोलनात उभे राहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूने काय सांगितलं हे ऐकायला तिथे जमलेले बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांनी ऐकलं, कारण सांगणारा त्यांच्या भाषेतला, त्यांच्या चिंतांमधला माणूस होता.

नाताळ न पाळणारे मिशनरी

आता नगरकडे, म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. इथे मला तुम्हाला एक अशी गोष्ट सांगायचीय जी ऐकून पहिल्यांदा आश्चर्य वाटतं.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नगरचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथेच निघालं. या मिशनला पाठवणारी संस्था होती बोस्टनची. आणि बोस्टन म्हणजे मॅसॅच्युसेट्स, म्हणजे प्युरिटन लोकांची भूमी. या प्युरिटनांचं म्हणणं काय होतं? बायबलमध्ये तारीख नाही, सण पाळायची आज्ञा नाही, मग नाताळ हा माणसांनी काढलेला सण आहे, आणि त्यात दारू, जुगार, धिंगाणा होतो. त्यांनी १६५९ मध्ये कायदाच केला: नाताळ साजरा करताना कोणी सापडला तर पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, पण वृत्ती गेली नाही. त्या राज्यात नाताळची कायदेशीर सुट्टी झाली ती १८५६ मध्ये. म्हणजे नगरचं मिशन सुरू होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

मुंबईत त्याच काळात काम करणारे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे, ते १८२९ मध्ये आले. ते स्कॉटिश. स्कॉटलंडच्या संसदेने १६४० मध्ये नाताळची सुट्टी मोडीत काढली होती, आणि तिथे २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ मध्ये! त्याआधी स्कॉटलंडमध्ये कितीतरी लोक त्या दिवशी नेहमीसारखे कामावर जायचे.

म्हणजे बघा, मराठी प्रोटेस्टंट समाज घडवणाऱ्या दोन महत्त्वाच्या मिशन ज्या परंपरांमधून आल्या, त्या परंपरांत नाताळ हा सणच नव्हता. आणि आज तुम्ही नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या मंडळीत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा. देऊळ रंगवलेलं असतं, घरं सारवलेली किंवा धुऊन काढलेली असतात, मुलांना नवे कपडे, घरात करंज्या-लाडू-चिवडा, आणि पोरं ढोलकी, टाळ घेऊन गाणी म्हणत घरोघरी जातात. हे सगळं बोस्टनहून आलं का? बोस्टनकडे ते द्यायला नव्हतं.

बाकीचे स्रोत होते, हे मान्य करू. इंग्रज सरकारची सुट्टी होती. अँग्लिकन लोक नाताळ पाळत होते. आणि इंग्लंडमध्येही डिकन्सची नाताळची कादंबरिका १८४३ मध्ये आली, घरात झाड सजवायची टूम त्याच दशकात पसरली. अमेरिकेतही शतकाच्या उत्तरार्धात वारं बदललं. हे सगळं खरं. पण करंजी, सारवण, टाळ आणि ढोलकी यांचा उगम यातल्या कशातच नाही. माझं म्हणणं असं आहे की या सणाला अंग दिलं ते इथल्या लोकांनी, सण कसा करायचा असतो याच्या त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीने.

आणि हे लोक कोण होते? नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत मोठी संख्या महार आणि मांग समाजांतल्या माणसांची होती. गावाच्या सणात यांचं स्थान काय होतं, ते आठवा. वाजवायला हे, दवंडीला हे, सणाच्या मागच्या अंगमेहनतीला हे. पण देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. आनंद दुसऱ्याचा, आणि राबणं यांचं. त्यांच्यातले काही जण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर ख्रिस्ती झाले, म्हणून 'पोटासाठी बाटले' असा टोमणा त्यांना ऐकावा लागला. दुष्काळात भूक होतीच, ती नाकारायची कशाला? पण टोमणा मारणाऱ्याने हेही बघावं की दुष्काळ संपल्यावरही मंडळ्या राहिल्या. भाकरी मिळाली की माणूस उठून जातो. थांबतो तेव्हा त्याला आणखी काही तरी मिळालेलं असतं.

काय मिळालं असेल? मी इतिहासाचा माणूस आहे, मनातलं वाचू शकत नाही. पण नाताळची गोष्ट त्या माणसाच्या कानांनी ऐकून बघा. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून देवाचं लेकरू गोठ्यात जन्मलं. पहिली बातमी वाड्यावर गेली नाही, रानात राखण करणाऱ्यांकडे गेली. ज्याला आयुष्यभर 'जागा नाही' हेच ऐकायला मिळालं, त्याला ही गोष्ट समजावून सांगायला फार मोठा उपदेशक लागत नाही. आणि वर्षातून एक दिवस असा, की देऊळ त्याचं, दिवा त्याचा, आणि वाजवणारा तोच आणि ऐकणाराही तोच.

टाळ, कीर्तन आणि टिळक

हा आनंद बोलायला रूप कोणतं मिळालं, ते बघू. मिशनरी आले तेव्हा त्यांच्याकडे उपदेशाचं भाषण होतं आणि इंग्रजी चालींची गीतं होती. चौकात उभं राहून भाषण केलं की वादावादी व्हायची. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडच्या मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तन हाती घेतलं. कृष्णराव सांगळे यांचं नाव यात घेतलं जातं. रचना आपल्या ओळखीची: नमन, पूर्वरंग, मग आख्यान. फक्त आख्यान बायबलमधलं. साथीला टाळ, पेटी, तबला. मंडळीतल्या सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. जे सोडून आलो तेच पुन्हा देवळात कशाला, असं वाटणं साहजिक होतं. पण कीर्तनाला एक गुण आहे. भाषणात ऐकणाऱ्याला कुठे तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं. कीर्तनात तो साथीदार होतो, टाळी धरतो. पटलं नाही तरी गोष्ट ऐकून घरी जातो. त्याच्यावर काही ओझं पडत नाही.

या वाटेवरचं सगळ्यात मोठं नाव नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसाने त्यांना नवा करार वाचायला दिला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय होती, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नवरा-बायको वर्षानुवर्षं दुरावले. समाज तुटला. पण टिळकांनी लक्ष्मीबाईंवर धर्म लादला नाही, आणि लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' वाचताना कुठेही उपदेश अंगावर येत नाही. हसत हसत बाई सगळं सांगून जातात, भांडणं, विसरभोळा नवरा, स्वतःचं सोवळं-ओवळं कसं गळत गेलं ते सगळं. मला तर वाटतं, मराठीत श्रद्धा कशी सांगावी याचा सगळ्यात चांगला नमुना हे पुस्तकच आहे, आणि ते तसं ठरवून लिहिलेलंही नाही.

टिळकांनी शेकडो भक्तिगीतं लिहिली, ती आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात, नाताळातही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. पूल म्हणजे काय? पलीकडे गेल्यावर तो तोडून टाकायचा नसतो. त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले, मुलासारखे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे टिळकांच्या प्रेमात काही कमी पडल्याचं दिसत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तो खुला. पगार सोडणं ही गोष्ट लहान नाही. परदेशी पैशाने बोलणारा माणूस अशी शंका ज्याच्याबद्दल घेतली जाते, त्याने ती शंका फेडायचा तो मार्ग होता. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. स्टीफन्सच्या पुराणानंतर तीनशे वर्षांनी पुन्हा ख्रिस्तचरित्र मराठी पद्यात आलं, पण या वेळी ते बाहेरून आलेल्या पाद्रीने लिहिलेलं नव्हतं.

मग उत्तर काय?

सुरुवातीला विचारलं होतं, हा आनंद आला कुठून. आता उत्तर देता येईल असं मला वाटतं.

गोव्यात सत्तेने पुराणं बंद केली, आणि लोकांचं मन रमलं ते ओवीत. वसईत सत्ता निघून गेली, आणि सण राहिला तो घरात. नगरला मिशनच्या पेटाऱ्यात नाताळ नव्हताच, तो लोकांनी आपल्या करंजीने आणि ढोलकीने उभा केला. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. धर्म कधी सत्तेबरोबर आला असेल, पण त्यातला आनंद सत्तेच्या हातून कधी आला नाही. तो मागाहून आला, आपल्या भाषेतून, आपल्या स्वयंपाकघरातून, आपल्या सुरातून.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो: शेजाऱ्याकडे नाताळचं ताट पाठवणं, त्याला गोठा बघायला बोलावणं, हा धर्मप्रसार झाला का? मला वाटतं, प्रश्न असा विचारावा: ताट घेतल्यावर शेजाऱ्याने काही परत द्यायची अपेक्षा आहे का? दिवाळीत फराळाचं ताट येतं तेव्हा आपण त्यामागे कट शोधत नाही. सणाचं घर आपल्या आनंदाचं कारण लपवत नाही, आणि लपवूही नये. विचारलं तर सांगावं, मनापासून सांगावं. ऐकणाऱ्याला 'बरं' म्हणून उठून जाता आलं पाहिजे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ताट घ्यायलाही येता आलं पाहिजे. जिथे हे होतं तिथे श्रद्धा सांगणं आणि शेजारधर्म यांत भांडण नाही. जिथे भीती येते, आमिष येतं, किंवा दुसऱ्याच्या देवाची टिंगल येते, तिथे साष्टीतल्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: आमचं घेतलंत, मन रमेल असं दिलंत काय?

हे ख्रिस्ती श्रोत्यांना जेवढं लागू आहे तेवढंच बाकीच्यांनाही. शेजाऱ्याचा आनंद त्याच्याच भाषेत ऐकून घेणं, हीसुद्धा एक तयारी असते. साष्टीत ती स्टीफन्सने केली, हातात सत्ता असूनही. नगरात टिळकांच्या घरी ती दोन्ही बाजूंनी झाली.

येत्या आठवड्यात तुमच्या गल्लीत, तुमच्या सोसायटीत कुठे गोठा दिसला, तर थांबा आणि जरा बघा. त्यातली घरं बहुतेक कौलारू असतील, विहिरीवर रहाट असेल, एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन चाललेली असेल. बेथलेहेम म्हणून आपल्या लोकांनी नेहमी आपलंच गाव मांडलंय.

तुम्हा सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.